आधी गाव सांगा

"आधी गाव सांगा. नाव मागाहून."

नवा माणूस वर्गाच्या दारात घुटमळायला लागला, की ते हेच म्हणायचे. म्हणताना उजव्या हाताचा पंजा भुवयांवर आडवा धरायचे, जणू तो माणूस नदीच्या पलीकडच्या काठावर उभा आहे आणि मध्ये उन्हानं चकाकणारं पाणी आहे. खरं तर मध्ये असायचे चौथी 'ब'चे दोन बाक.

नाशिकच्या सिडकोतल्या एका शाळेत मी लिपिक आहे. जुगार सुटावा म्हणून धडपडणारी काही माणसं दर रविवारी सकाळी आठला आमच्या शाळेत बसत. तशी परवानगी होती आणि किल्ली माझ्याकडे असायची. पहिल्या रविवारी मी पर्स छातीशी धरून आले होते, हे कबूल करते. जुगारी म्हणजे कसे दिसतात, याची माझी एक कल्पना होती. आत पाहिलं तर लहान मुलांच्या बाकांमध्ये गुडघे कसेबसे कोंबून सात-आठ बापये बसलेले, डोक्यावर मुलांनी कापलेल्या रंगीत कागदांच्या पताका, आणि फळ्यावर शनिवारचा सुविचार तसाच. त्यांच्यापुढे खुर्चीत हे. धोतर, वर शर्ट, खांद्यावर पंचा, आणि पायात मात्र मुलांच्या पीटीचे असतात तसे पांढरे बूट. "टाचा दुखतात हो बाई," ते मला न विचारता म्हणाले.

सगळे त्यांना गुरुजी म्हणत. मीही तेच म्हणते. त्या सभेचा एकच कडक नियम होता: इथलं इथंच राहील. म्हणून इथे कोणाचंच नाव येणार नाही. ज्यांची हकिकत सांगते आहे, त्या दुसऱ्या माणसाला मी विचारून घेतलं आहे. गुरुजींना विचारण्याची सोय आता राहिलेली नाही.

गुरुजी गोदाघाटावरच्या उपाध्यांच्या घराण्यातले. यात्रेकरू रामकुंडावर आला, की त्याच्या घराण्याची वही काढायची, त्यात आजा-पणजा दाखवायचा, या खेपेला आलेल्यांची नावं खाली लिहून घ्यायची, हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. त्या धंद्यात माणूस गावावरून सापडतो. त्यामुळे गाव विचारणं त्यांच्या जिभेवरच बसलं होतं. मी एकदा पाहिलं, रिक्षावाल्याला पैसे देतानाही त्यांनी आधी गाव विचारलं. तो म्हणाला, "पेठ." गुरुजी खूश होऊन म्हणाले, "डोंगरातलं माणूस!" आणि उरलेले सुटे पैसे घ्यायला विसरले.

गाव कळलं, की त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला असे.

"तुमच्याकडे खेळतात कधी?"

मला हा प्रश्न सुरुवातीला विचित्र वाटायचा. व्यसन सोडायला आलेल्याला कोणी असं विचारतं का? पण त्या प्रश्नानं माणसं उलगडत. वर्गाचं दार नीट लागायचं नाही, आणि मी बाहेर व्हरांड्यात हजेरीपट घेऊन बसलेली असायचे. न ऐकण्याचं नाटक मी दोन महिने केलं. मग एकदा गुरुजीच बाहेर येऊन म्हणाले, "बाई, तिथून ऐकताना मान अवघडत असेल. आत बसा." सगळे हसले. त्या दिवसापासून मी चहा आणायला लागले आणि शेवटच्या बाकावर बसायला लागले.

एका सोसायटीचा नेपाळी वॉचमन होता, पन्नाशीचा, अतिशय सभ्य. तो म्हणाला, "हमारे यहाँ तिहार में खेलते हैं, गुरुजी. पाँच दिन. कौडी से." दिवाळीचे ते पाच दिवस गावात सगळे खेळतात, म्हाताऱ्या बायकासुद्धा. सहाव्या दिवशी काय होतं, असं गुरुजींनी विचारलं. तो खिडकीकडे वळला. मग हळूच म्हणाला, "माँ कौडी उठा के रख देती है."

"आणि इथे?"

इथे वॉचमनची पत्र्याची केबिन होती, मोबाईल होता, आणि कवड्या उचलून ठेवायला कोणी नव्हतं. हे त्यानं सांगितलं नाही. आम्हाला सगळ्यांना ते दिसलं. हिवाळ्याचे दिवस होते, मैदानावर धुकं होतं, आणि त्या धुक्यात कुठेतरी एक बाई घर सारवण्याआधी कवड्या गोळा करते आहे असं मला क्षणभर वाटलं.

निफाडकडचा एक द्राक्षबागाईतदार होता. तो म्हणाला, "आमच्याकडं गणपतीत खेळतेत. जागरण म्हणून. लय पूर्वीपासनं हाय ते." गुरुजी मान डोलवायचे. कोणाला रागावायचे नाहीत, उपदेश करायचे नाहीत. फक्त विचारायचे, "आणि खेळाची चटई कोण उचलायचं?"

प्रत्येकाच्या गावात चटई उचलणारं कोणीतरी निघायचं. कोणाची आई, कोणाच्या देवळाचा पुजारी, कोणाची सुगी. माणूस खेळ घेऊन नाशिकला आला होता. चटई उचलणारं माणूस मात्र गावातच राहिलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, यांना एवढं कळत होतं, तर हे स्वतः त्या खुर्चीत कसे येऊन बसले?

गुरुजींच्या घरात पत्त्यांचा जोड कधी आलाच नाही. लहानपणी शेजारच्या मुलांबरोबर नुसता बदाम-सात खेळले म्हणून वडिलांनी त्यांना अंघोळ करायला लावली होती. असा माणूस ऐन पन्नाशीत मोबाईलवर रमी खेळायला शिकला. कसा, ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. "जाहिरात आली, बोट लागलं," एवढंच म्हणायचे. ते पोथीत मोबाईल ठेवून खेळत. दुपारची जेवणं झाली, की देवघरापुढे पाट, पाटावर व्यासपीठ, व्यासपीठावर पोथी, पोथीत मोबाईल. आवाज बंद. दोन-दोन तास मांडी मोडायची नाही. त्यांच्या पत्नी दारातून बघायच्या आणि शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, "हल्ली ह्यांचं वाचन फार वाढलंय."

एके दिवशी आवाज बंद करायचा राहिला. पोथीतून टाळ्या वाजल्या, शिट्ट्या वाजल्या.

हे ते हसत हसत सांगत, आणि वर्गही हसायचा. मग ते पंच्यानं तोंड पुसत. "मुलगी घरी होती त्या दिवशी. तिनं पोथी उचलली. ही मात्र उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, अगं, वाचू दे त्यांना." नवरा काय करतो ते त्या बाईंना कळलं तरी पटलं नाही. त्यानंतर वर्षभरात त्या गेल्या. मुलीनं आईचे दिवस केले आणि वडिलांशी बोलणं सोडलं. ती इगतपुरीला असते. जावई रेल्वेत.

आणि वह्या? वह्या चुलतभावाकडे गेल्या. खेळापायी घराण्यात काय काय झालं, ते मी कधी विचारलं नाही. परिणाम एवढाच, की त्यांच्या वाट्याची गावं आता चुलतभावाच्या छत्रीखाली बसत, आणि गुरुजी कोणाची वास्तुशांत, कोणाची सत्यनारायणाची पूजा असं करून राहत.

माझ्या सासूबाईंच्या अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. विधी आटोपून मी पायरीवर बसले होते. थोड्या अंतरावर गुरुजी नुसतेच बसलेले दिसले, पाय पाण्यात, शेजारी ते पांढरे बूट. एक कुटुंब उपाध्ये शोधत आलं. त्यातल्या म्हाताऱ्यानं गावाचं नाव घेतलं. गुरुजींनी भुवयांवर हात धरला आणि डोळे मिटले. मग वहीविनाच ते बोलायला लागले. त्या म्हाताऱ्याचा बाप, बापाचा बाप, त्याचे दोन भाऊ, एक लहानपणी गेलेला. "तुमच्या पणजोबांना लिहिता येत नव्हतं. अंगठाही दिला नाही त्यांनी. म्हणाले, मी नांगर काढतो. नांगर काढलाय. बैल काढायला जागा उरली नाही म्हणून बैलाची नुसती शिंगं." म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं वाकून नमस्कार केला. गुरुजींनी पाय पाण्यात आणखी खोल घेतले आणि हात लांब करून म्हणाले, "ती पिवळी छत्री दिसते ना, तिथे जा. वही तिथे आहे."

ते गेल्यावरही गुरुजी बराच वेळ पाण्याकडे बघत होते. पाण्यात दिवे, पानं, फुलं फिरत होती. मी हाक मारली नाही.

आता ज्याच्याबद्दल सांगायचं, तो दुसरा माणूस. अंबडच्या एका कारखान्यात मशीन चालवणारा, पस्तिशीचा, मूळचा खान्देशातला, धुळ्याच्याही पुढचा. त्याला सगळे भाऊ म्हणत. तो पहिल्यांदा आला तेव्हा गाव सांगताच गुरुजींनी डोळे मिटले आणि त्याच्या पणजोबांचं नाव घेतलं. ते गाव त्यांच्या जुन्या वहीतलं होतं. भाऊ इतका दचकला, की बाकात अडकलेला त्याचा गुडघा आपटला.

"तुमच्याकडे खेळतात कधी?" या प्रश्नावर तो एकदम खुलला. "आखाजीला!"

अक्षय्य तृतीयेला खान्देशात आखाजी म्हणतात. वैशाखाचं ऊन, शेतं मोकळी, सासरी गेलेल्या लेकी माहेरी आलेल्या. निंबाला झोके बांधायचे, बायकांनी त्यावर गाणी म्हणायची, घरात आमरस आणि खापरावरचे मांडे, आणि गावातल्या पुरुषांनी झाडाखाली, पारावर, देवळापुढे भर दिवसा पत्ते खेळायचे. "माझ्या बापानं माझ्या हातात पत्ते दिले, गुरुजी. सातवीत होतो. म्हणाला, आखाजी आहे, खेळ." त्यांच्याकडे झन्ना-मन्ना खेळतात. एक पान ठरवायचं आणि मग एक आत, एक बाहेर अशी पानं टाकत जायची. ते ठरलेलं पान कुठल्या बाजूला पडतं, त्यावर डाव. दोन-तीन दिवस खेळ चालतो. मग एखादी म्हातारी येऊन ओरडते, लेकी सासरी निघतात, चटया झटकल्या जातात, आणि संपतं.

अंबडच्या भाड्याच्या खोलीत आठवड्याच्या सुट्टीला आखाजी व्हायला लागली. मग रोज सुटल्यावर. मग मोबाईलवर जेवणाच्या सुट्टीत. त्याची बायको शेजारच्याच कारखान्यात पॅकिंगला. ती त्याला रविवारी सकाळी शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला यायची आणि तो आत गेल्याची खात्री करून मगच वळायची.

पण भाऊला खुपत होतं ते वेगळंच. त्याला एक धाकटी बहीण, जिला तो ताईच म्हणतो, लांब गुजरातच्या हद्दीवर दिलेली. वर्षातून एकदा आखाजीला यायची. तिला परत बसवायला स्टँडपर्यंत भावानं जायचं, तिची पिशवी उचलायची, ही रीत. मागच्या आखाजीला ती निघाली आणि चटईच्या कडेला येऊन उभी राहिली. म्हणाली, "दादा, निघते मी." हा वर न बघता म्हणाला, "एक डाव." ती उभी राहिली. दुसऱ्यांदा हाक मारली नाही. त्यानं मान वर केली तेव्हा चटईच्या कडेला फक्त ऊन होतं.

या वर्षीच्या आखाजीला जायचं की नाही, यावर तीन रविवार चर्चा झाली. भाऊवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, जाऊ नका. बायको म्हणाली, जाऊ नका. भाऊ म्हणाला, "नाही गेलो तर तिला वाटेल, मला अजून मान वर करायची नाही."

गुरुजी म्हणाले, "जायचं. मी येतो बरोबर."

तोवर गुरुजींना न खेळता साडेचार वर्षं झाली होती. ते नेहमी दिवसांतच सांगायचे, आणि तो आकडा ऐकून नवी माणसं सरसावून बसायची. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता काळजी नाही. निफाडच्या बागाईतदारानं तर प्रवासासाठी द्राक्षांची पेटी आणून दिली.

दोघं धुळ्याच्या बसमध्ये बसून गेले. परत आल्यावरच्या रविवारी दोघंही वेळेआधी आले. गुरुजी खुर्चीकडे गेले नाहीत. ते पहिल्या बाकावर बसले, तिथे न मावणारे पाय बाहेर काढून. खुर्ची रिकामी.

"मी खेळलो," ते म्हणाले.

पंखा चालू होता. पताका हलत होत्या.

मग त्यांनी सांगितलं, तसं मी सांगते. गावात ते उतरले, तेव्हा उपाध्ये आले म्हणून गावानं त्यांचे पाय धुतले. आमरस वाढला. मग निंबाखाली सावलीत खाट टाकून दिली. भाऊ बहिणीपाशी होता, घराच्या मागच्या अंगणात. पत्त्यांकडे फिरकलाही नव्हता. हे खाटेवर पडून होते. बायका झोके घेत होत्या. झोका वर गेला की गाणं लांब जायचं, खाली आला की जवळ यायचं. उन्हाच्या झळांमध्ये समोरचं शिवार पाण्यासारखं हलत होतं. पलीकडे चटईवर पानं पडत होती, आत, बाहेर, आत, बाहेर. "बाई," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मला वाटलं, मी कुठेतरी पोचलो आहे."

एक म्हातारा उठून त्यांच्यापाशी आला. हात धरून म्हणाला, "आखाजी शे, गुरुजी. आखाजीले ना म्हनू नही."

"माझ्या जन्मात कोणी मला उजेडात बोलावलं नव्हतं खेळायला. पोथीत लपवून खेळलो. इथे लेकीबाळी बघत होत्या, म्हातारा हात धरत होता, कोणाच्या तोंडावर पाप नव्हतं. त्यानं पान दिलं ते मी दोन्ही हातांनी घेतलं. तीर्थ घेतात तसं."

दुपार कलली तरी ते उठले नाहीत. ज्याला सांभाळायला आले होते, तो बहिणीची पिशवी खांद्याला लावून चटईच्या कडेला येऊन उभा राहिला.

इथे गुरुजी थांबले. पुढचं भाऊनं सांगितलं. त्याला ते सांगायचं नव्हतं, पण गुरुजी त्याच्याकडे बघत राहिले.

"मी म्हणालो, गुरुजी, उठा. ताईची बस आहे. तर हे..." भाऊ अडखळला. "हे वर न बघता म्हणाले, एक डाव."

भाऊची बहीण मागेच उभी होती. तिनं ते ऐकलं. भाऊ सांगत होता, की त्या क्षणी त्याला आपलाच आवाज बाहेरून ऐकू आला. त्यानं पिशवी खाली ठेवली, चटईचं टोक धरलं आणि उचललं. पानं घसरली, नोटा घसरल्या, लोक ओरडले. कोणीतरी त्याची गचांडी धरली. सणाच्या दिवशी, चालू डावात, चटई उचलायची? तो म्हातारा मात्र हसायला लागला. म्हणाला, माझी आई असंच करायची.

मग तिघं स्टँडवर गेले. बहिणीची पिशवी गुरुजींनी उचलली. भाऊनं मागितली तरी दिली नाही. बसमध्ये चढण्याआधी ती वाकली, तेव्हा ते मागे सरकले, मागच्या फळवाल्याच्या टोपल्यावर आपटले, आणि चार आंबे रस्त्यावर गेले. ती हसली. भाऊ म्हणाला, "बस दिसेनाशी होईपर्यंत ताई खिडकीतून हसत होती. माझ्याकडे बघून."

"माझा आज आठवा दिवस," गुरुजी म्हणाले. "साडेचार वर्षं नाही. आठ दिवस."

पुढच्या रविवारी दोन माणसं आली नाहीत. ती पुन्हा कधीच आली नाहीत. जो स्वतः बुडाला तो काय तारणार, असं त्यातल्या एकानं मला फाटकातच सुनावलं होतं. मलाही राग आला होता, खोटं कशाला बोलू? मी त्या रविवारी चहा आणला नाही. पण भाऊ आला. वॉचमन आला, आणि गुरुजींच्या शेजारच्या बाकावर बसून म्हणाला, "आप का गाँव बोलिए, गुरुजी. आप ने कभी बोला नहीं."

गुरुजी गोंधळले. "माझं? माझं हेच की. नाशिक."

"आप के यहाँ कब खेलते हैं?"

त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "आमच्याकडे कधीच खेळत नाहीत." आणि स्वतःशीच बोलल्यासारखं: "म्हणून तर. ज्याला एकही दिवस दिलेला नाही, त्यानं सगळेच दिवस घेतले."

त्यानंतर खुर्चीत कोणीच बसेना. सगळे बाकांवर गोल करून बसायला लागले.

याच सुमारास त्यांनी मला मोबाईलवर एक संदेश लिहून मागितला. त्यांच्याकडे साधा, बटणांचा फोन होता, त्यावर मराठी उमटायचं नाही. मुलीला पाठवायचा होता. आधी ते तिला अधूनमधून कोणाकडून तरी लिहून पाठवत असत, की इतके दिवस झाले, मी सुटलो, आता ये. उत्तर कधी आलं नव्हतं. या खेपेला त्यांनी सांगितलं ते एवढंच होतं: "मी पुन्हा खेळलो. तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच कळवतो. बाबा."

मी म्हटलं, "गुरुजी, हे कशाला? जे तुटलंय ते आणखी तुटेल."

"तुटू दे," ते म्हणाले. "पण तुम्ही लिहा."

माझ्या फोनवरून गेलं ते. खाली दोन निळ्या खुणा आल्या आणि काही आलं नाही. तीन आठवड्यांनी रविवारी शाळेच्या नळापाशी एक बाई उभी दिसली. कपाळ अगदी गुरुजींचं. मी तिला आत चला म्हटलं. ती म्हणाली, "नको. ते रोज येतात?"

"रविवारीच असतं. पण ते दर रविवारी येतात."

"जेवण कुठे करतात?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांना चहा देत होते, आणि ते जेवतात कुठे हे मला माहीत नव्हतं. तिनं नळ सोडून तोंडावर पाणी मारलं. मग म्हणाली, "खेळल्याचं त्यांनी आपणहून सांगितलेलं हे पहिलंच. आई असती तर तिला पटलं असतं की नाही, कोण जाणे."

सभा सुटली. गुरुजी दारातून बाहेर आले, तिला पाहिलं, आणि सवयीनं हात भुवयांवर गेला तो तिथेच राहिला. ती पुढे झाली आणि त्यांच्या पायांकडे बघून म्हणाली, "हे काय घातलंय?"

"टाचा दुखतात," ते म्हणाले.

ती त्यांना इगतपुरीला घेऊन गेली. पहिले काही महिने ते दर रविवारी सकाळच्या गाडीनं यायचे, जावयाच्या सांगण्यावरून खिडकीची जागा मिळायची याचा त्यांना फार अभिमान. मग दम लागायला लागला. मग येणं थांबलं. पुढच्या वर्षी आषाढात आम्ही ऐकलं, की अंथरुणाला आहेत. भाद्रपदात ते गेले.

त्याआधी, श्रावणात एकदा भाऊ आणि मी त्यांना भेटायला गेलो होतो. रेल्वेची जुनी बैठी घरं, भिंतींना शेवाळ, आणि ढग तर असे उतरलेले, की शेजारचं घर आवाजावरूनच ओळखावं. मुलीनं दार उघडलं तसं थोडं धुकं आमच्याबरोबर आत आलं. गुरुजी खाटेवर उशीला टेकून बसले होते. भाऊनं सांगितलं, की दिवाळीत ताई येणार आहे, पहिल्यांदाच, नाशिकला, त्याच्या खोलीवर. "बरं," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "बरं." त्यांनी ऐकलं की झोपेत म्हणाले, ते कळलं नाही.

मुलगी नेलकटर घेऊन आली आणि खाटेच्या कडेला बसली. त्यांचा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला. बोटं आखडलेली होती.

"सैल सोडा, बाबा."

त्यांनी हात सैल सोडला. ती एकेक नख कापत होती, कापलेलं नख पदरात टाकत होती. घाटातून एखादी गाडी चढत असावी. दिसत काहीच नव्हतं, नुसता आवाज धुक्यातून येत राहिला, मग तोही विरला. एका हाताची नखं झाली. तिनं काही न म्हणता दुसरा हात पुढे केला, आणि त्यांनी डोळे मिटूनच आपला हात त्यात ठेवला.